रिकामा वेळ कोणाचा?

आमच्या भागातील भगिनी मंडळाच्या सभांत अलीकडे एक प्रश्न वारंवार निघू लागला आहे. प्रश्न साधा आहे, आणि साधा आहे म्हणूनच कदाचित त्याला कोणी नीट उत्तर देत नाही. लोकरीचे विणकाम, क्रोशाकाम, टकळीवर किंवा लहानशा चरख्यावर सूत काढणे, छोट्या मागावर आसने नि पट्टे विणणे ही कामे ज्यांना मनापासून आवडतात, त्यांनी ती संसारात बसवायची कशी? कोणी म्हणते, मुले शाळेत गेल्यावर करावीत. कोणी म्हणते, रात्री सगळे निजल्यावर. आणि कोणी म्हणते, तयार स्वेटर बाजारात इतक्या स्वस्तात मिळत असता हा उपद्व्याप हवाच कशाला? या तिन्ही उत्तरांत एक गोष्ट न बोलता धरून चाललेली आहे. हातकाम हे उरलेल्या वेळाचे काम आहे, आणि घरात वेळ उरतो तो बाईचा. मला वाटते, खरा नीतीचा प्रश्न लोकर आणि सुया यांच्यात नसून या धरून चाललेल्या गोष्टीत आहे.

खडेबाजार हे नाव आमच्या शहरात दोनदा येते. एक बेळगावच्या मुख्य पेठेतला, दुसरा शहापुरातला. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. इंग्रजी अमलातले बेळगाव आणि संस्थानी शहापूर अशी ही दोन गावे अंगाला अंग लावून बसलेली होती, आणि शहापूरची ओळख होती ती साड्यांची. आजही शहापूर, वडगाव, खासबाग या बाजूंना गेले की घरांतून मागाचा आवाज कानी येतो. तो आता बहुतेक ठिकाणी विजेच्या मागाचा खडखडाट आहे. हातमागाचा ठोका क्वचितच. या गल्ल्यांत वाढलेल्या माणसाला ‘विणकाम संसारात कसे बसवावे’ हा प्रश्नच उलटा वाटेल. तेथे संसार विणकामात बसवलेला असतो. आधी माग, आणि मग त्याच्या भोवती जी जागा राहील तिच्यात चूल, अंथरूण, मुलांची दप्तरे.

हातमागाच्या घरात कामाची वाटणी कशी असे हे पाहण्यासारखे आहे. खड्ड्यात पाय सोडून मागावर बसणारा बहुधा पुरुष. ताणा म्हणजे कापडाचे उभे धागे. ते मोजून, ताणून, खळ देऊन, फणीतून एकेक ओवून मागावर चढवायचे हे कित्येक दिवसांचे काम. ते एकदा मांडले की मध्येच उठून जाता येत नाही. बाणा म्हणजे आडवे धागे; त्यांसाठी धोट्यात घालायच्या कांड्या सतत भराव्या लागतात. एक कांडी संपली की दुसरी तयार हवी. कांड्या भरणे, सुताचा गुंता सोडवणे, तुटलेला धागा सांधायला हात देणे ही कामे बायको, म्हातारी आई आणि शाळेतून आलेली मुले यांची. साडी विकली गेली की ‘अमक्याने विणली’ असे म्हणत. कांड्या कोणी भरल्या हे विचारायची पद्धत नव्हती.

आमच्या जिल्ह्यातील धनगरांच्या, म्हणजे कानडीत कुरुबरांच्या, घोंगड्यांची गोष्टही अशीच. दख्खनी मेंढीची लोकर आखूड, राठ आणि काळी. ती कातरायची पुरुषांनी. पिंजून तिचे सूत काढायचे बायकांनी. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून त्यांची खळ करायची आणि ती कुंच्याने ताण्यावर फिरवायची. आणि शेवटी मागावर बसायचे पुन्हा पुरुषाने. पावसात डोक्यावर घेतलेल्या घोंगडीतून पाणी लवकर आत येत नाही याचे श्रेय आपण मेंढीला देतो, विणणाऱ्याला देतो. ते राठ सूत ज्या बोटांतून गेले त्या बोटांकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

असे का होत असावे याचा उलगडा मला एका अमेरिकन विदुषीच्या लहानशा लेखातून झाला. ज्युडिथ ब्राऊन या मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९७० साली एक विचार मांडला. निरनिराळ्या समाजांत कोणती कामे बायकांकडे जातात हे ठरते ते बळावर किंवा बुद्धीवर नव्हे, तर मुले सांभाळता सांभाळता ती करता येतात की नाही यावर. काम घराजवळचे हवे. त्यात लेकराला इजा होण्याचा धोका नको. फार एकाग्रता लागता कामा नये. आणि मध्येच सोडून पुन्हा सहज हाती घेता आले पाहिजे. पुढे १९९४ साली एलिझाबेथ वेलँड बार्बर या बाईंनी याच विचाराचा धागा धरून हजारो वर्षांच्या स्त्रियांच्या कातण्या-विणण्यावर एक सुंदर पुस्तक लिहिले. कातणे या सगळ्या अटींत चपखल बसते. मूल रडले, चाती थांबवली. दूध उतू जाऊ लागले, पेळू खाली ठेवला. धागा जेथे थांबला तेथून पुन्हा सुरू.

आता यातली खोच लक्षात घ्यावी. जे काम मोडता येते ते मोडले जाते. आणि जे वारंवार मोडले जाते त्याला घरातली माणसे काम म्हणतच नाहीत. नवरा हिशेब करीत बसला असेल तर मुलांना ‘गप्प बसा, बाबा काम करताहेत’ असे सांगितले जाते. बायको सुयांवर टाके मोजत असेल तर तोच नवरा तोंडातून शब्द काढायला क्षणाचाही विलंब लावत नाही, आणि तिचे टाके चुकतात. ‘काय ओ वैनी, रिकाम्या वेळात बरं करताय की हे!’ असे शेजारी कौतुकाने म्हणतात. त्या वैनीने सकाळी साडेपाचला उठून तो रिकामा वेळ कसा कमावला हे शेजाऱ्याला ठाऊक नसते. तिच्या घरच्यांना तरी ठाऊक असते का, याची मला शंका आहे.

या प्रश्नाला आमच्या शहरात एक मोठा इतिहासही आहे. १९२४ साली डिसेंबरच्या २६ आणि २७ तारखांना राष्ट्रीय सभेचे अधिवेशन बेळगावात टिळकवाडीच्या बाजूला भरले. गांधीजी सभेचे अध्यक्ष झाले ते आयुष्यात एकदाच, ते येथे. गंगाधरराव देशपांडे स्वागताध्यक्ष होते. अधिवेशनासाठी खणलेली विहीर लोक अजून दाखवतात, आणि २०२४ साली शताब्दी झाली तेव्हा त्या सगळ्याची उजळणी झाली. परंतु भाषणांत ज्याचा उल्लेख ओझरता झाला ते या अधिवेशनातले सर्वांत विलक्षण कलम मला वाटते. ठरले असे की, सभेचे सभासद व्हायचे तर चार आणे देऊन भागणार नाही. दरमहा २००० वार एकसारखे सूत स्वतः कातून दिले पाहिजे. आजारपण, अनिच्छा किंवा असेच काही कारण असेल तर दुसऱ्या कोणी कातलेले तितकेच सूत दिले तरी चालेल.

जगातल्या कोणत्या राजकीय पक्षाने आपल्या सभासदाकडे पैशाऐवजी हातचे काम मागितले असेल? कल्पना उदात्त होती. वकील, सावकार, प्राध्यापक यांनी गरीब बाईच्या हातात असते ते काम रोज आपल्या हातात घ्यावे, रोज अर्धा तास तिच्याशी नाते जोडावे. हिशेबही अवघड नव्हता. रोज अर्धा तास धरला तर महिन्याचे १५ तास. त्यात २००० वार म्हणजे तासाला सव्वाशे-दीडशे वार. सराव झालेला हात याच्या दुपटीहून अधिक सहज काढतो. वर्षाचे २४००० वार होतात. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. २० नंबरचे सूत धरले तर २४००० वारांचे वजन भरते सुमारे साडेसहाशे ग्रॅम. जाडेभरडे १० नंबरचे धरले तर सुमारे १३०० ग्रॅम. वर्षभर रोज अर्धा तास बसून फार तर एखाद-दोन धोतरांचे कापड. गांधीजींना हा हिशेब ठाऊक नव्हता असे थोडेच आहे? त्यांना कापडाइतकाच तो अर्धा तास हवा होता.

तथापि ते कलम टिकले नाही. १९२५ च्या सप्टेंबरात पाटण्यास ते सैल झाले. चार आणे द्या, नाही तर वर्षाला २००० वार द्या. आणि कातण्याच्या कामासाठी अखिल भारतीय चरखा संघ वेगळा निघाला. राजकारणाच्या अंगाने याची कारणे पुष्कळ सांगतात. माझे लक्ष अडते ते ‘अनिच्छा’ या एका शब्दावर. सभासदाची इच्छा नसेल तर सूत दुसऱ्याने कातावे. हा दुसरा कोण असेल? एक तर बाजारात सूत विकणारी गरीब बाई, नाही तर सभासदाच्या स्वतःच्या घरातील आई, बहीण, पत्नी. सूत तिचे आणि सभासदत्व ह्याचे, असे घडण्यास नियमाने दार उघडे ठेवले होते. ज्या घरात पुरुषाची अनिच्छा नियमात बसते, त्या घरात बाईची अनिच्छा कोठे बसते, हा प्रश्न त्या मंडपात कोणी विचारला की नाही देव जाणे.

गांधीजींना तो चरखा मिळाला कसा, हेही सांगण्यासारखे आहे. त्यांना सूत कातण्याचे काही येत नव्हते, आणि चरखा कोठे मिळेना. गंगाबेन मजमुदार नावाच्या धीट विधवा बाईने तो शोधण्याचे मनावर घेतले आणि पुष्कळ भटकल्यावर बडोदे संस्थानातील विजापूर गावी तिला तो सापडला. तेथल्या बऱ्याच घरांत चरखे होते, परंतु माळ्यावर टाकलेले. बायकांचे म्हणणे असे की, कोणी नियमित पेळू आणून देईल आणि आमचे सूत विकत घेईल तर आम्ही कातू. त्या बायकांना चरख्याचा कंटाळा आलेला नव्हता. त्यांच्या सुताला गिऱ्हाईक उरले नव्हते. चरखे माळ्यावरून खाली आले ते उपदेशाने नव्हे. आमच्या जवळच्या हुदलीस, गंगाधररावांच्या गावी, खादीचे काम उभे राहिले तेही कच्चा माल, कातणारी आणि विकत घेणारा ही साखळी जोडल्यावरच. गांधीजी तेथे १९३७ च्या एप्रिलात गांधी सेवा संघाच्या सभेसाठी येऊन राहिले होते.

मिशनच्या लोकांना ही साखळी लवकर कळली होती, असे म्हणावयास हरकत नाही. बासेल मिशनने मंगळुरास एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला विणकामशाळा काढली ती नव्या ख्रिस्ती झालेल्यांचा जातीचा धंदा व घरचा आधार तुटला म्हणून. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये डी. सी. चर्चिल नावाचे मिशनरी अभियंते होते. त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीस हातमागात सुधारणा करून नवा माग तयार केला, तो विणकऱ्याच्या हाताला वेग यावा म्हणून. धर्मोपदेशकाने लाकूड तासत बसावे याचे काहींना नवल वाटले असेल. मला ते त्यांच्या उपदेशाहून कमी वाटत नाही.

हे सर्व खरे असले तरी घरात येणारे प्रत्येक हातकाम घराला आशीर्वादच देते असे समजू नये. निपाणीकडे जरा पाहावे. तंबाखूच्या या गावात आणि आसपास कित्येक घरांतून बायका बिड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला भिजवून कापलेली टेंभुर्णीची पाने, हातात दोरा. हे काम ब्राऊनबाईंच्या बऱ्याच अटींत बसते. घरात आहे, मोडता येते, मूल शेजारी खेळू शकते. आणि तरीही ते घर त्या कामाने खाऊन टाकलेले असते, कारण मजुरी हजारावर मिळते आणि हजार लवकर भरत नाहीत. तंबाखूची धूळ तान्ह्याच्या नाकात जाते. पाच वर्षांची पोर दोरा बांधायला शिकते. १९६६ साली बिडी कामगारांचा कायदा झाला, त्यात घरी बसून वळणारीलाही कामगार म्हटले आहे, ही मोठी गोष्ट झाली. पण कायद्याने तिच्या दिवसाचे तास वाढले नाहीत. विणकराच्या घरातील कांड्या भरणारा मुलगा आणि बिडीला दोरा बांधणारी मुलगी या दोघांकडे पाहिले म्हणजे ‘घरगुती उद्योगात सारे कुटुंब आनंदाने रमते’ हे वाक्य लिहिताना लेखणी जरा अडखळावी.

मग स्वेटर विणणारी मध्यमवर्गीय बहीण आणि बिडी वळणारी बहीण यांच्यात फरक काय? एकीला गरज आहे, दुसरीला हौस आहे, हे झाले वरवरचे उत्तर. मला फरक वेगळ्या ठिकाणी दिसतो. पहिली ‘आज नको’ असे म्हणू शकते, दुसरी म्हणू शकत नाही. आणि एकदा हे मानले की लगेच पुढचा प्रश्न येतो: पहिली तरी खरेच तसे म्हणू शकते का? नणंदेच्या बाळाला कुंची, दिराला मफलर, मंडळीच्या विक्रीला सहा जोड मोजे, ‘तुला काय, हात बसलाय तुझा’ असे म्हणून तिच्यावर जे टाकले जाते त्याला नाही म्हटले तर ती अभिमानी ठरते. हौसेचे काम असे हळूहळू वेठीचे होते. वेठीला आपण प्रेमाचे नाव देतो, म्हणून ती वेठ थोडीच संपते?

येथे उपदेशकांचा आवडता अध्याय येतो, तो नीतिसूत्रांचा ३१ वा. त्यातील सद्गुणी स्त्री लोकर आणि ताग आणते, चातीला हात घालते, तिचा दिवा रात्री विझत नाही. लग्नाच्या उपासनेत आणि मातृदिनी या अध्यायावर मी स्वतः पुष्कळ संदेश ऐकले आहेत. पण त्या बाईच्या घरी दासी होत्या हे १५ व्या ओवीत आहे, आणि ते सहसा कोणी वाचून दाखवत नाही. दुसरे, त्या अध्यायाचा शेवट तिच्या कष्टांच्या वर्णनाने होत नाही. तिच्या हाताचे फळ तिला द्या, असे लोकांना बजावून होतो. म्हणजे आज्ञा आहे ती बाईला नसून वेशीत बसणाऱ्या पुरुषमंडळींना आहे. आम्ही मात्र तो सगळा अध्याय नववधूला पाठ करायला लावतो.

रानातल्या भूकमळांचे प्रभूचे उदाहरणही असेच अर्धे वाचले जाते. ती कष्ट करीत नाहीत, कातीत नाहीत, म्हणून कातणे हे हलके काम, अशी त्याची टीका मी एकदा ऐकली. त्याच्या आधीची ओळ पाहावी. पाखरे पेरीत नाहीत, कापणी करीत नाहीत. पेरणी-कापणी हे पुरुषांच्या डोळ्यासमोरचे काम, कातणे हे बायकांच्या डोळ्यासमोरचे. गालीलातील डोंगरावर दोघेही ऐकत बसले होते आणि प्रभूने दोघांना त्यांच्या त्यांच्या हातातल्या कामाचा दाखला दिला. ज्याला चातीकडे पाहून दृष्टांत सुचतो त्याने आपल्या घरात चाती फिरताना पाहिलेली असली पाहिजे. काढून घेतली आहे ती चिंता. कातणे काढून घेतलेले नाही.

परंतु या विषयावर मला सर्वांत जवळची वाटते ती हन्ना. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात एक ओवी आहे, तिच्यावरून आपण भरकन पुढे जातो. मुलगा शिलोस देवाच्या घरी, आणि आई त्याच्यासाठी दरवर्षी लहानसा झगा करून नवऱ्याबरोबर यज्ञाला जाताना घेऊन जाते. विणणाऱ्या बहिणींना यातली अडचण ताबडतोब कळेल. मूल डोळ्यासमोर नाही. गेल्या वर्षी होता केवढा, यंदा वाढला असेल किती? बाही किती धरावी, गळा किती? वर्षभर हे माप मनात वाढवत ती बसली असली पाहिजे. पुढे तिला आणखी तीन मुलगे व दोन मुली झाल्या असे तेथेच सांगितले आहे. पाच लेकरांच्या धबडग्यात हा एक झगा वर्षाकाठी पुरा होत होता. त्याला कोणी रिकाम्या वेळचे काम म्हणेल काय? तो झगा हाच त्या आईचा वर्षभराचा मुलाशी चाललेला संवाद होता. आणि तो एकच होता, सहा नव्हते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

प्रेमाने केलेल्या कामाचे तास मोजू नयेत, असे काही भाविक बंधू म्हणतील. बरोबर आहे, करणारीने मोजू नयेत. पण जो अंगात घालतो त्याने जरूर मोजावेत. मोठ्या माणसाच्या स्वेटरला सवयीच्या हातालाही ३०-४० तास सहज लागतात. टाक्यांचा हिशेब चुकला आणि उसवावे लागले तर आणखी. ज्याला हे ठाऊक आहे तो स्वेटर गरम पाण्यात बुडवून त्याची टोपी करणार नाही, आणि ‘रंग जरा दुसरा चालला असता’ हे वाक्य गिळून टाकील. मोजणे हा व्यापार असतो असे नाही. कित्येकदा तीच कृतज्ञतेची सुरुवात असते.

आता संसारात हे बसवायचे कसे, त्याबद्दल दोन शब्द. पुष्कळांना लहान उपाय हवे असतात आणि ते मागणे रास्त आहे. लोकरीची लड उलगडून तिचा गोळा करायला दोन माणसे लागतात. एकाने दोन्ही हात पुढे करून लड धरायची, दुसऱ्याने गुंडाळायचे. खुर्चीच्या पाठीवर लड अडकवूनही हे करता येते, आणि बहुतेक घरांत खुर्चीच धरते. माझी सूचना अशी की घरच्या पुरुषाने त्या खुर्चीला रजा द्यावी. पंधरा-वीस मिनिटे हात पुढे करून नुसते बसायचे. वर्तमानपत्र धरता येत नाही, मोबाइल धरता येत नाही, समोरच्या माणसाशी बोलण्यावाचून गत्यंतर नसते. कित्येक जोडप्यांत आठवड्याभरात एवढे बोलणे होत नसेल.

मुलांनाही, आणि मुलग्यांनाही, हे शिकवावे. आमच्या वडीलधाऱ्यांच्या लहानपणी शाळेत टकळी होती. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर मूलोद्योगाचा विचार पुढे आला, आणि बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असल्याने तिकडच्या शाळांसारखी येथेही पोरांच्या हाती टकळी आली. तिची फार थट्टा झाली. सूत गुंतायचे, गुरुजी रागवायचे. पण त्या पिढीतल्या म्हाताऱ्या पुरुषाच्या हाती आज टकळी दिली तर बोटे आपोआप पीळ देतात, हे मी पाहिले आहे. आणि सुताला किती वेळ लागतो हे त्याला सांगावे लागत नाही. लेकराला दहा ओळी विणायला लावल्या की आजीच्या स्वेटरकडे ते निराळ्या डोळ्यांनी पाहते. पुढे त्याने कधी सुया हाती धरल्या नाहीत तरी चालेल. शिकवणे मात्र कांड्या भरायला बसवण्यासारखे नसावे. त्याला कंटाळा आला की उठून जाण्याची मोकळीक असावी, नाही तर आपण निपाणीच्या त्या पोरीच्या बाजूला जाऊन बसलो.

एक वाद अलीकडे प्रार्थनासभेतही झाला: सभेत बसून विणावे की नाही? काही वडील मंडळींना तो देवाचा अनादर वाटतो. माझे मत विचाराल तर प्रार्थना चालू असताना सुया खाली ठेवाव्यात, कारण प्रार्थनेत आपण रिकामे हात पुढे करतो. पण संदेश चालू असताना एखादी आक्का विणत असेल तर मला उलट बरे वाटते. निदान ती जागी आहे एवढी खात्री असते. हात गुंतलेले आणि कान मोकळे, ही ऐकण्याची जुनी रीत आहे. पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहिला, कारण तिघांचा धंदा एकच होता, तंबू करण्याचा. तेथे नवरा, बायको आणि पाहुणा एकाच कामाला बसत होते. शास्त्रावरची त्यांची बोलणी सगळी हात जोडूनच झाली असतील असे मला वाटत नाही.

आणि ज्या बहिणीला यातले काही करायची इच्छाच नाही, तिने तयार स्वेटर आणावा. त्यात कमीपणा नाही. मार्थेने त्या दिवशी दोन पदार्थ कमी केले असते तर कोणी उपाशी राहिले नसते.

कापणीच्या सणाचा लिलाव जवळ आला आहे. भाज्या, केळीचा घड, कोंबडी, आणि दरवर्षीप्रमाणे काही विणलेल्या वस्तू येतील. अर्पणाच्या चिठ्ठीवर कुटुंबप्रमुखाचे नाव लिहिण्याची आपल्याकडे चाल आहे. निर्गमाच्या ३५ व्या अध्यायात निवासमंडपासाठी लोकांनी आणलेल्या सोन्यारुप्याची नोंद आहे, आणि त्याच ओळीत बायकांनी आपल्या हातांनी कातून आणलेल्या सुताचीही आहे, त्यांचे म्हणून, वेगळी. मी मंडळीच्या कमिटीपुढे सूचना ठेवली आहे की, यंदा विणलेल्या वस्तूच्या चिठ्ठीवर जिने विणली तिचे नाव आणि अंदाजे किती तास लागले हे लिहावे, आणि बोली तेथून सुरू करावी. एका वडिलांनी विचारले, “अहो, मग एवढ्या किमतीला घेणार कोण?” चर्चा अजून चालू आहे.